चौतीस शुभेच्छुक आणि एक ताटली बेदाणा

हसू नका म्हणून सांगून काही उपयोग नाही, तुम्ही हसणारच. पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, एवढंच माझं म्हणणं. मागल्या उन्हाळ्यात मी जो घोळ घातला, तो आमच्या पाहुण्यारावळ्यांत अजून कुणी विसरायला तयार नाही. लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा हळूच कोपर मारतो, "काय दत्तोबा, सध्या कुणाचा वाढदिवस?"

आता मुळापासनं सांगतो.

उंब्रजला हायवेच्या कडेला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. अठरा वर्षं झाली. वाढदिवस, निवड, बारसं, यात्रा, कुस्त्यांचं मैदान, पलटणीतनं रिटायर होऊन आलेला जवान, सगळं माझ्याकडनं छापून जातं. कुणाचं मुंडकं कुठं बसवायचं, कुणाच्या शेजारी कोण चालतो आणि कुणाच्या शेजारी कोण लावला की मारामारी होते, हे मला विचारा. आम्ही फ्लेक्सवाले फोटोला मुंडकंच म्हणतो, राग मानू नका. वर देव, देवाच्या खाली नेते, मधोमध मुख्य माणूस गॉगल लावून, आणि खाली ओळीनं शुभेच्छुक. त्यातला एक जरी शुभेच्छुक राहिला तरी तो माणूस पाच वर्षं तुमच्या दारावरनं मान वळवून जातो.

तर सांगायचा मुद्दा, जाहिरातीतलं मला सगळं कळतं असं माझं मत होतं. मत माझं एकट्याचंच होतं, पण पक्कं होतं.

माझी थोरली बहीण मंगलअक्का पलूसजवळ दिलेली. दाजी सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि द्राक्षबागेत रमले. दर साली बेदाणा करतात. दर साली व्यापारी टेम्पो घेऊन येतो, मूठभर बेदाणा हातात घेऊन उन्हात धरतो, "रंग जरा कमीच हाय की वैनी" म्हणतो, आपणच भाव सांगतो आणि माल घेऊन जातो. अक्का दारात उभी राहून टेम्पो वळेपर्यंत बघत राहते. रॅकवर द्राक्षं पसरण्यापासनं काडी वेचण्यापर्यंत सगळं तिनं केलेलं असतं.

त्या साली मात्र अक्कानं पाय रोवला. काही माल तिनं बाजूला काढला, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरल्या आणि दाजींना म्हणाली, "ह्यो माल मी इकणार. नेटवर टाकणार आणि लोकांच्या घरी धाडणार."

दाजी पलटणीतला माणूस. वाद घालत नाहीत, हुकूम देतात. म्हणाले, "सोमवारी टेम्पो येणार. तवर माल खपला, तर पुढच्या सालापासनं सगळा बेदाणा तुझ्या हुकमात. न्हाई खपला, तर टेम्पोत चढवायचा आणि ही बात खतम. मंजूर?"

"मंजूर," अक्का म्हणाली. आणि तिनं मला फोन लावला.

आता अक्का म्हणजे कुणाकडं कधी काही न मागणारी बाई. आईच्या माघारी तिनंच मला शाळेत घातलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काहीतरी मागितलं. "दत्ता, तुला जाहिरातीतलं कळतंय. करशील का रं एवढं?"

"अक्का, तू निवांत पिशव्या भर," मी म्हणालो. "अशी जाहिरात करतो की सांगली जिल्हा हलला पायजे!"

आणि हलला की! तेच तर सांगतोय.

अक्काची पोरगी प्राजक्ता पुण्यात नोकरी करते. नेटवरच्या जाहिराती हेच तिचं रोजचं काम. तिचा लगेच फोन आला.

"मामा, आईनं तुम्हाला सांगितलंय म्हणे. मला सुट्टी नाही, नाहीतर मीच आले असते. फक्त चार गोष्टी ध्यानात ठेवा. एकच फोटो टाका, आणि तो बेदाण्याचा. किंमत लिहा. आईचा नंबर मोठा लिहा. आणि कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर द्या."

"बरं."

"आणि जाहिरात पुण्या-मुंबईच्या लोकांना दिसली पाहिजे. तिथं ठिकाण निवडायला येतं. आपल्या पलूसला दाखवू नका."

इथं मात्र मला हसू आलं. घरचं कार्य आणि गावाला कळवायचं नाही? लोक काय म्हणतील? "सुभेदारीनबाईनं धंदा काढला आणि भावकीला सांगितलंसुदीक न्हाई!" पोरगी शिकली खरी, पण रीतभात विसरली, असं मनाशी म्हणून मी कंप्युटरपुढं बसलो.

सुरुवात मी प्राजक्तानं सांगितल्यासारखीच केली बरं का. देवाशप्पथ. मधोमध पितळी ताटलीत बेदाणा, हिरवागार, टपोरा. खाली अक्काचा नंबर, हाताएवढा. दोन पावलं मागं सरकून बघितलं.

ओकं ओकं वाटत होतं हो! मुंडकंच नाही! अठरा वर्षांत मी बिनमुंडक्याचा फ्लेक्स केलेला नाही. माणूस दिसल्याशिवाय इश्वास कुणी कुणावर ठेवायचा? म्हणून एकच, फक्त एकच, दाजींचा फोटो लावला. फेटा बांधलेला, गॉगल घातलेला, हात जोडलेला. ताटली जरा बाजूला सरकवली.

दाजींचा लावला म्हटल्यावर त्यांच्या थोरल्या भावाचा नको? त्यांचा लावला, मग धाकट्यानं काय पाप केलं? मी चांगुलपणानं त्यांना फोन करून फोटो मागवले. इथंच चुकलो. फोटो मागवल्याची बातमी भावकीत अशी पसरली की दुपारपर्यंत माझा फोन भाजून निघाला.

"दत्तोबा, माझा फोटू धाडलाय. कोट घातल्याला हाय, त्योच लावा."

"आवं पावणं, आमचा जावई ऱ्हायला की! आधी जावायाचा मान!"

"सोसायटीच्या चेरमनला खालच्या वळीत टाकलं म्हणं तुमी? बरं केलं नाही."

मी कुणालाच नाही म्हणालो नाही. बहिणीचं सासर आहे, तिला तिथंच राहायचंय. एकेक मुंडकं आत येत होतं, ताटली बारीक होत होती. सकाळी पितळी ताट होतं, दुपारी बशी झाली, तिसऱ्या प्रहरी तर बेदाण्याची वाटीच उरली. ती मी दाजींच्या कोपराखाली सरकवली.

शेवटी आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे दाजींचे चुलतभाऊ. ज्या शेडमध्ये अक्काचा बेदाणा वाळतो ती शेड त्यांची.

"दत्तोबा, समद्यांचं फोटू झालं म्हणं. आमी मेलो का काय?"

"आप्पा, असं कसं! तुमचा तर पैला काढून ठिवलाय!"

काढून ठेवला होता माझ्या कपाळावर! आता आप्पांचा फोटो म्हणजे फेट्यासकट उभा, निम्मा केला तर फेटा तुटतो. सगळीकडं मुंडक्याला मुंडकं चिकटलेलं. मोकळी म्हणावी अशी एकच पट्टी होती, अक्काच्या नंबरची.

मी विचार केला. चौकात ज्याचा फ्लेक्स लागतो त्याला सगळा गाव ओळखतो. नंबर लागतो कशाला? दाजींचं घर कुणाला ठाऊक नाही? नंबर उडवला, आप्पा बसवले. वरती मोठ्या अक्षरात "हार्दिक शुभेच्छा" टाकलं, कारण त्याशिवाय शुभेच्छुक हा शब्द उघडा पडतो. मंगल बेदाणा हे नाव कडेला उभ्या ओळीत बसलं. एकूण चौतीस मुंडकी. ठिकाण निवडलं पलूस, उंब्रज, रहिमतपूर, म्हणजे आपली सगळी माणसं. नीट पैसे भरले आणि दिलं सोडून.

गुरुवारी सकाळी जाहिरात लागली. तासाभरात जी काही धूळ उडाली! मी दुकानात बसून बायकोला ओरडून सांगत होतो, "तीनशे लोकांना आवडलं! चारशे! ये, बघायला ये!"

बायको पीठ मळत होती. आतनं म्हणाली, "आवं, पण बेदाणा कुणी मागितला का?"

"येईल की ते! आधी हवा हुतीय!"

पहिला अभिप्राय कुणाचा होता ते आता आठवत नाही, पण त्यात लिहिलं होतं, "सुभेदारांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा!" त्याच्याखाली दुसरा, "वाढदिवसाच्या शुभेच्छा सुभेदारसाहेब." मग तिसरा. आपल्याकडं काय आहे बघा, मधी मोठा गॉगल आणि भोवती बारकी मुंडकी दिसली की वाचत कोण बसतो? वाढदिवसच असतो!

दुसरा कुणी असता तर सावध झाला असता. पण प्राजक्तानं सांगितलेलं माझ्या ध्यानात होतं, प्रत्येकाला लगेच उत्तर द्यायचं. मी एक वाक्य तयार करून ठेवलं, "आपल्या शुभेच्छा हीच आमची ताकद", पुढं जोडलेले हात. तेच प्रत्येकाखाली चिकटवत सुटलो. पुण्याच्या एका बाईंपर्यंत ती जाहिरात कशी पोचली देव जाणे. त्या बिचारीनं त्या गर्दीतनं वाटी शोधून काढली आणि विचारलं, "किलोला काय भाव?"

मी उत्तर दिलं, "आपल्या शुभेच्छा हीच आमची ताकद."

त्यांनी परत विचारलं, "अहो, बेदाण्याचा भाव विचारतेय."

मी परत हात जोडले.

शुक्रवारी म्हटलं, आता जाऊन अक्काची शाबासकी घेऊन यावी. मोटारसायकल काढली आणि पलूस गाठलं. बघतो तर दाजींच्या अंगणात ही गर्दी! चपलांचा ढीग! माझ्या मनात आलं, दत्ता, जिंकलास गड्या. गिऱ्हाईक घरापर्यंत आलं!

आत गेलो. दाजी खुर्चीत ताठ बसलेले, अंगावर चार शाली, पायापाशी नारळांचा ढीग, पुढं केक. केकवर दाजी, गॉगलसकट.

"आवं, आज माझा वाढदिवस न्हाई," दाजी प्रत्येकाला सांगत होते. दाजी खोटं बोलत नाहीत.

"बगा, किती साधा माणूस!" लोक म्हणत होते आणि पाचवी शाल घालत होते.

एवढ्यात खुद्द सरपंच आले. शाल घातली, केक खाल्ला, आणि दाजींना कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "सुभेदार, निवडणुकीला उभं ऱ्हाणार आसला तर आधी आमाला सांगा. आपसात कशाला? आणि चिन्ह वाटी घेतलंय व्हय?"

"कसलं चिन्ह?"

"त्या फ्लेक्सवर कोपराखाली हाय न्हवं वाटी!"

दाजी माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघायला लागलो.

मग माझं लक्ष सैपाकघराकडं गेलं. आलेला माणूस तोंड गोड केल्याबगर जाऊ द्यायचा नाही, ही आपली रीत. साखर संपलेली, केक पाहुण्यांनीच आणलेला, घरचं गोड म्हणून एकच गोष्ट. अक्का खाली बसून विकायच्या पिशव्या एकेक करून फोडत होती आणि बशीत बेदाणा काढून बाहेर धाडत होती. आणि बाहेर बसलेला जो तो बेदाणेवालाच! प्रत्येकाच्या घरात पोतंभर बेदाणा पडलेला! ते आपले मान राखायला चार दाणे तोंडात टाकत होते.

"अक्का..." मी म्हणालो.

"ये. बस," ती म्हणाली. "बेदाणा खातोस?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं हो. भांडी आपटली असती, चार शिव्या दिल्या असत्या. पण तिनं माझ्या हातात बशी दिली आणि पुढची पिशवी फोडायला घेतली. मला तिथंच रडू यायचं बाकी राहिलं.

गर्दी पांगल्यावर प्राजक्ताचा फोन आला. अक्कानं तो आवाज मोठा करून चुलीजवळच्या फळीवर ठेवला.

"मामा, तुमची जाहिरात आत्ता बघितली. नंबर कुठाय?"

"आप्पा हायेत तिथं," मी म्हणालो.

"काय?"

मी सगळं सांगितलं. शेड, फेटा, पट्टी, सगळं. प्राजक्ता म्हणाली, "मामा, ज्यांच्या घरी बेदाणा पिकतो त्यांनाच तुम्ही बेदाणा विकायला गेलात. वर त्यांना घ्यायचा असता तरी फोन कुणाला करायचा ते लिहिलं नाहीत."

तेवढ्यात शाली उतरवून दाजी आत आले. माझा फोन घेतला, चष्मा लावला आणि ती जाहिरात बोटानं मोठी करून एकेक मुंडकं बघायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. परेड बघावी तसं.

"दत्ता," ते म्हणाले, "सगळी पलटण खडी केलीस. ह्यो तुझा पानपट्टीवाला दोस्त हाय. तू सोता दोनदा हायस. पण कमांडर कुठाय?"

"म्हंजे?"

"तुझी अक्का कुठाय रं ह्यात?"

मी फोन हातात घेतला. वरनं खाली बघितलं, खालनं वर बघितलं. चौतीस मुंडकी! मी खरंच दोनदा होतो, एकदा शुभेच्छुक म्हणून आणि एकदा संकल्पना म्हणून. आणि जिनं काडी काडी वेचली, जिच्या शब्दासाठी हे सगळं चाललं होतं, ती त्यात नव्हती. एवढ्या फोनांत एकानंही तिचं नाव काढलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. लाज वाटली, स्पष्ट सांगतो. आजही सांगताना वाटते.

"असू दे रं," अक्का म्हणाली. "माझा फोटू बगून कोण बेदाणा घेणाराय? सोमवारला तीन दिस हायेत. आता काय करायचं ते बोला."

मग प्राजक्ता फोनवरनं सांगत गेली आणि आम्ही करत गेलो. अक्कानं अंगणात उजेडाला बसून सुपात बेदाणा घेतला. फोटोत दिसत होते ते तिचे दोन हात, वेचणारे, आणि बेदाणा. बाकी काही नाही. खाली लिहिलं, मंगल बेदाणा, घरचा, सावलीत वाळवलेला, काडी वेचलेला. अर्ध्या किलोची किंमत. अक्काचा नंबर. ठिकाण पुणे आणि मुंबई. दाजी प्रकाश अडवणाऱ्या बकरीला धरून उभे होते. माझ्याकडं काम एकच दिलं होतं, मागं पांढरी चादर धरून उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. हात भरून आले, पण चादर सोडली नाही.

आणि पहिला फोन अक्कानं स्वतः केला, त्या पुण्याच्या बाईंना. प्राजक्तानं त्यांना निरोप पाठवून नंबर मागून घेतला होता.

"ताई, भाव सांगायचा ऱ्हायला बगा. आमच्यात जरा वाढदिवस हुता," अक्का म्हणाली.

पलीकडं बाई जी हसली! हसून हसून तिनं चार पिशव्या सांगितल्या, बहिणीसाठी आणखी चार, आणि सोसायटीतल्या बायकांना कळवते म्हणाली. शनिवारी अक्काचा फोन वाजायला लागला तो थांबेना. कुणी शेवयांच्या खिरीला, कुणी बाळंतिणीला, कुणी नुसतं खायला. अक्का प्रत्येकाशी बोलायची, कसा वाळवला ते सांगायची, नाव पत्ता वहीत उतरवायची. दाजी पिशव्यांना चिकटपट्टी लावायचे, सगळे कोपरे सरळ. मी पार्सलं मोटारसायकलवर बांधून कुरिअरला पोचवत होतो. दोन दिवस मी कुणाला एक शब्द शहाणपणाचा सांगितला नाही.

सोमवारी टेम्पो आला. व्यापारी उतरला, त्याच्याही हातात दाजींसाठी शाल! मग इकडंतिकडं बघत म्हणाला, "माल कुठाय वैनी?"

"पुण्याला गेला," अक्का म्हणाली.

व्यापाऱ्यानं दाजींकडं बघितलं. दाजी उठले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "पुढच्या सालापासनं भाव हिला इचारायचा. हुकूम तिचा." अक्कानं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. दाजी म्हणे त्या दिवशी दुपारभर शेडमध्येच बसले होते. पलटणीतल्या माणसाला भरून आलेलं कुणाला दाखवायचं नसतं.

मी तोवर उंब्रजला परत आलो होतो. हे सगळं अक्कानंच मला फोनवर सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, झालं ते झालं, शेवट गोड झाला. फोन ठेवणार, तर ती म्हणाली, "आणि थांब, एक सांगायचं ऱ्हायलं. तुझ्या जाहिरातीवरनं पण एक गिऱ्हाईक आलं बग."

मी ताडकन उभा राहिलो! बायकोला हाक मारली, फोनचा आवाज मोठा केला. "ऐक! ऐक म्हणतो! माझ्या जाहिरातीवरनं!" मग घसा खाकरून अक्काला विचारलं, "कोण गं? किती किलो पायजे त्याला?"

"बेदाणा नको त्याला. सासऱ्याचा वाढदिवस हाय म्हणं पुढच्या आठवड्यात. म्हंतोय, अगदी असाच फ्लेक्स पायजे."

बायको पदरात तोंड घालून हसायला लागली.

"तुला इचारत इचारत आमच्या दारात आला बिचारा," अक्का म्हणाली. "मी तुझा नंबर दिलाय त्याला. जाहिरातीत कुणाचाच नव्हता न्हवं!"